घाट न जुमानणारी लहर

बुलढाणा जिल्ह्यात मध्यम लहरींचं रेडिओ केंद्र कधीच उभं राहिलं नाही. पूर्वेला नागपूर, पश्चिमेला जळगाव, दक्षिणेला परभणी, नैर्ऋत्येला औरंगाबाद, उत्तरेला सातपुड्यापलीकडे इंदूर. ही सगळी केंद्रं दुसऱ्यांच्या जिल्ह्यांत आहेत. बुलढाणा शहर नागपूरपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरवर आहे. लोणार परभणीपासून आणि सिंदखेडराजा औरंगाबादपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर दूर पडतं. म्हणजे हा जिल्हा प्रत्येक केंद्राच्या कडेला आहे, मध्यावर कुणाच्याच नाही. मध्यम लहरींवरचा हा एएम रेडिओ इथे इतका का टिकला, याचं पहिलं उत्तर या नकाशातच आहे. कडेवरच्या माणसाला लांबवर पोहोचणारी लहरच लागते. जवळची, स्वच्छ, गोड आवाजाची एफएम ज्यांच्या छपरावरून जाते, त्यांनी एएमची खरखर सोडून दिली. त्यांचं चुकलं असं नाही, पण इथल्या गावांना ती निवड करायला मिळालीच नाही.

दुसरं उत्तर जमिनीत आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं या जिल्ह्याचे दोन तुकडे केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. सोयरीक जुळवतानाही ‘घाटावरचे की घाटाखालचे’ हा प्रश्न निघतो, इतका तो घाट लोकांच्या मनात बसलेला आहे. रेडिओच्या लहरींनाही तो अडवतो, पण सगळ्याच लहरींना नाही. एफएमची लहर जेमतेम तीन मीटर लांबीची असते. ती सरळ जाते आणि डोंगर आडवा आला की त्याच्या सावलीतलं गाव कोरडं राहतं. नागपूर केंद्राची ५८५ किलोहर्ट्झची लहर पाचशे मीटरहून लांब आहे. ती जमिनीला धरून, तिच्या वळणानं चालते. अजिंठ्याची रांग तिला उंबरठ्याएवढीच वाटते. शिवाय ओल धरून ठेवणारी काळी जमीन अशा लहरींना खडकाळ मुलखापेक्षा जास्त मानवते, कारण ओलसर चिकणमातीतून वीज बऱ्यापैकी वाहते. वऱ्हाडातल्या ज्या मातीनं कापूस पिकवला, तिनंच नागपूरचा आवाजही पुढे नेला.

पण तो आवाज यायलाच उशीर झाला. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, तेव्हा त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता आणि त्याचा पल्ला मुंबईच्या आसपासच संपायचा. याच जिल्ह्यातल्या खामगावच्या कापसाची कीर्ती तेव्हा जुनी झाली होती. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी स्वतः येऊन जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू केला होता. म्हणजे रुईची गाठ मुंबईला पोहोचण्याची सोय झाल्याला अर्धशतक उलटलं होतं, पण मुंबईचा आवाज इकडे येण्याची सोय नव्हती. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताच्या वाट्याला सहा रेडिओ केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. मध्यप्रांत-वऱ्हाडात एकही नव्हतं. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं.

ते सुरू होऊन दोन महिने झाले नाहीत तोच या जिल्ह्याला रेडिओची खरी गरज भासली. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, देऊळगावराजापासून लोणारपर्यंत, पलीकडे निजामाचा मुलूख होता. त्या वर्षी रझाकारांच्या भीतीनं सीमेवरची गावं रात्र-रात्र जागी होती. हैदराबादचा रेडिओ एक सांगायचा, भारताचा दुसरंच सांगायचा. दोन्ही आवाज त्याच रानावरून जात होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं स्वतः हैदराबादच्या रेडिओवरून माघार जाहीर केली. वऱ्हाड हा कागदोपत्री कित्येक दशकं निजामाच्याच सार्वभौमत्वाखालचा मुलूख मानला जात होता आणि निजामाचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिरवत होता. तो सगळा इतिहास त्या एका प्रसारणानं आटोपला. सेट मोजकेच होते. एक माणूस ऐकायचा आणि सकाळी पारावर वीस जणांना सांगायचा. पुढे बरीच वर्षं इथला रेडिओ असाच चालला.

१९५०च्या दशकात सरकारनं ग्रामपंचायतींना सार्वजनिक रेडिओ द्यायला सुरुवात केली. व्हॉल्व्हचा जड सेट, त्याला कोरड्या बॅटरीचा गठ्ठा आणि चावडीवर किंवा शाळेच्या ओट्यावर लावलेला कर्णा. बॅटरी संपली की ती येईपर्यंत गाव मुकं व्हायचं. याच काळात पुण्यात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, युनेस्कोच्या मदतीनं, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं काढली गेली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. कल्पना कॅनडाची होती, पण मराठी गावात ती चांगली रुजली. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्या प्रयोगाचा अभ्यास केला आणि देशभरातल्या ग्रामीण मंडळांचा पाया त्यातून घातला गेला. बुलढाण्याला त्या प्रयोगात जागा नव्हती. हा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. चार वर्षांत राज्य दोनदा बदललं. राजधानी नागपूरहून भोपाळला जाण्याऐवजी मुंबईला गेली, पण रेडिओचा काटा नागपूरवरच राहिला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. राज्यपुनर्रचनेच्या धामधुमीत वऱ्हाडाला रोज संध्याकाळी एकच ओळखीचा आवाज ऐकू येत होता. सरकारी कागदावर सीमा कुठेही सरकली तरी त्या आवाजात खंड पडला नाही.

मग ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ ओट्यावरून खांद्यावर गेला. ठाण्याला तयार होणारे मर्फी, शिवाय फिलिप्स, बुश, नेल्को आणि पुढे स्वस्तातले संतोष. लग्नात नवरदेवाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ मिळणं ही प्रतिष्ठेची बाब झाली. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या गवसणीत घातलेला सेट, त्याला खांद्यावर अडकवायचा पट्टा. रेडिओला परवाना लागायचा. वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. हा परवाना १९८०च्या दशकात गेला. सेल मात्र विकतच घ्यावे लागत, आणि ते उतरले की लगेच टाकून देणारा माणूस गावात सापडला नसता. पत्र्यावर उन्हात वाळत घातले की ते आणखी दोन-चार दिवस चालायचे. रेडिओ लागत नसेल तर तो हळूहळू फिरवायचा, हे पोरांनाही ठाऊक होतं. आतली फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज भरतो. रोजच्या सवयीनं घरातल्या फळीवर सेटची जागा ठरून जायची. नागपूरसाठी असा आणि जळगावसाठी तसा.

गाण्यांसाठी मात्र नागपूरवर भागायचं नाही. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं. शास्त्रीय संगीत घरोघर जावं, हा त्यांचा हेतू चांगला होता आणि त्यातून आकाशवाणीनं शास्त्रीय कलावंतांना मोठा आधार दिला, हे विसरता येत नाही. पण श्रोता दक्षिणेला वळला. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री लघुलहरींवर समुद्रापलीकडचा आवाज चढ-उतार होत यायचा आणि काट्यावर बोट ठेवून बसावं लागायचं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. तिच्यावर जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ला, आणि देशात त्या सर्वांत आधी मुंबई, पुणे व नागपूर या तीन केंद्रांवर आल्या. दंतमंजन, चहा, साबण आणि डोकेदुखीची गोळी यांची नावं त्या मार्गानं खेड्यातल्या किराणा दुकानांपर्यंत पोहोचली.

शेतीचा भाग मला सर्वांत समृद्ध वाटतो, आणि एएमची गोष्ट सांगताना त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. भारतीय हवामान खात्यानं शेतकऱ्यांसाठी वेगळं हवामानपत्रक १९४५ मध्ये सुरू केलं आणि ते रेडिओवरूनच गावात पोहोचायचं. १९६६ पासून आकाशवाणीनं केंद्रांमध्ये शेती व गृह विभाग काढले, कारण नवं बियाणं येत होतं आणि ते कसं लावायचं हे सांगायला माणसं पुरेशी नव्हती. तामिळनाडूत तंजावरकडे भाताच्या एका नव्या जातीला शेतकरी ‘रेडिओ भात’ म्हणू लागले. वऱ्हाडात संकरित ज्वारी आली, मग संकरित कापूस. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि तिथले तज्ज्ञ आकाशवाणीच्या माइकसमोर बसू लागले. संध्याकाळी कास्तकार वखर-डवरे टेकवून घरी यायचा, हातपाय धुऊन ओट्यावर बसायचा आणि बोंडअळी, तुडतुडे, फवारणीचं प्रमाण हे सगळं त्याला मराठीत, वऱ्हाडी वळणाच्या मराठीत ऐकू यायचं. बाजारभाव यायचे. खामगावचा, अकोल्याचा कापसाचा भाव कळला की गावातल्या व्यापाऱ्याशी बोलताना पायाखाली जमीन असायची. आज भाव मोबाइलवर दिसतो. पण ज्या काळात गावात फोन नव्हता, पेपर दुसऱ्या दिवशी यायचा आणि पावसाळ्यात एसटी नाल्याअलीकडेच थांबायची, त्या काळात त्या दोन मिनिटांच्या भावांची किंमत काय होती, हे ज्यानं वाहनभाडं देऊन माल परत आणला आहे त्यालाच कळेल.

याच जिल्ह्यात, जळगाव जामोदजवळ भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात, भोवती धान्यांचे दाणे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाण्यांची हालचाल पाहून पावसाचं, पिकाचं भाकीत सांगतात. ही प्रथा तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते. शहरातली माणसं भेंडवळचं भाकीत आणि वेधशाळेचा अंदाज एकमेकांसमोर उभे करून वाद घालतात. शेतकरी तसं करत नाही. तो अक्षय तृतीयेला भेंडवळ ऐकतो आणि जूनमध्ये रेडिओ ऐकतो. पेरणीचा निर्णय घेताना त्याला जितक्या दिशांनी कानोसा घेता येईल तितका तो घेतो, कारण दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच खिशातून जातो.

या कानोशात एएमची एक वेगळीच कामगिरी आहे, आणि ती कुठल्याही केंद्राच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. वीज चमकली की ती मध्यम लहरींच्या पट्ट्यात जोराची खरखर सोडते. वादळ तीस-चाळीस किलोमीटरवर असलं, आभाळ डोक्यावर स्वच्छ असलं, तरी सेट तडतडायला लागतो. एफएमवर असं सहसा ऐकू येत नाही, कारण त्याची रचनाच खरखर दाबणारी आहे. रानात उघड्यावर तुरीची सुडी रचलेली असेल किंवा सोयाबीनची गंजी लावलेली असेल, तर ही तडतड बातमीपेक्षा आधी पोहोचते. ताडपत्री ओढायला अर्धा तास हाती लागतो.

आणि रात्र. विदर्भातल्या शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीनं मिळते आणि अर्धी पाळी रात्रीची असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर पौष-माघाच्या थंडीत मध्यरात्री विहिरीवर जावं लागतं. ज्वारी-मका असेल तर जागल असते. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत शेत झोपवतात. माचणावर बसलेल्या माणसाला तीन गोष्टी लागतात: कंदील किंवा बॅटरी, घोंगडी आणि रेडिओ. रेडिओ त्याला जागा ठेवतो आणि माणसाचा आवाज ऐकून जनावर थबकतं. म्हणून सेट माचणावर ठेवतात किंवा शेताच्या पल्याडच्या धुऱ्यावर झाडाला टांगतात. शिवाय एएमची खरी ताकद रात्रीच उघडते. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि त्यावरचे थर लहरींना परत जमिनीकडे वळवतात. मग माचणावरच्या सेटवर मुंबई, हैदराबाद, राजकोट अशी कितीतरी केंद्रं येऊन दाटी करतात.

या रात्रीसाठीच जणू १८ मे १९८८ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिचा प्रक्षेपक नागपूरला होता, १५६६ किलोहर्ट्झवर, एक हजार किलोवॅटचा, म्हणजे मुंबईच्या पहिल्या प्रक्षेपकापेक्षा साडेसहाशे पटींहून बलवान. ती संध्याकाळी सुरू व्हायची आणि पहाटेपर्यंत चालायची: शास्त्रीय संगीत, मुशायरे, जुनी गाणी, तासातासाला बातम्या. नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून ती जागा निवडली होती. वऱ्हाडासाठी तो शेजारच्या अंगणातला दिवा ठरला. दिल्लीच्या अधिकाऱ्यांच्या मनात देशभरातला जाणता श्रोता असेल, पण रात्री दोन वाजता मोटर सुरू आहे की बंद पडली हे पाहायला उठलेला माणूसही तिचा श्रोता होता. त्याची नोंद कुणी केली नाही. प्रसारभारतीनं ही वाहिनी २०१९च्या जानेवारीत बंद केली. खर्च आणि श्रोत्यांची घटती संख्या ही कारणं पुढे आली. श्रोते मोजले कुठे, हा माझा प्रश्न आहे. माचणावर जाऊन कुणी पाहणी केली असेल असं मला वाटत नाही.

जगभरात असंच चाललं आहे. जर्मनीच्या राष्ट्रीय रेडिओनं २०१५च्या अखेरीस मध्यम लहरी बंद केल्या, फ्रान्सच्या सार्वजनिक रेडिओनंही. अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या मोटारींमधून कंपन्या एएम काढू लागल्या, कारण मोटरच्या गोंगाटात ते नीट ऐकू येत नाही. तेव्हा शेतकरी संघटना आणि आपत्ती व्यवस्थापन करणारे लोक तिथल्या संसदेकडे, काँग्रेसकडे गेले. २०२३ मध्ये फोर्डनं तो निर्णय मागे घेतला. चक्रीवादळात मोबाइलचे मनोरे पडतात, वीज जाते, आणि शेकडो मैलांवरचा एक एएम प्रक्षेपक बोलत राहतो, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो वऱ्हाडालाही लागू आहे. झडी लागली, नाल्यांना पूर आले, मनोऱ्याची वीज गेली की फोनचं जाळं आधी जातं. आणि फोनमध्ये रेडिओ असलाच तर तो एफएम असतो. एएम पकडायला लागणारी कांडी फोनच्या पोटात मावत नाही.

एफएमचा विस्तार झाला, नाही असं नाही. अकोल्याला आकाशवाणीचं स्थानिक केंद्र एफएमवर आलं, खासगी वाहिन्या अकोला, जळगाव, औरंगाबादला आल्या. पण त्यांचं लक्ष शहरातल्या बाजारपेठेकडे असतं आणि खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. घाटाखालच्या संग्रामपुरात, सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरव्याच्या जंगलालगतच्या आदिवासी वस्त्यांत त्यांचा आवाज विरळ होत जातो.

आकाशवाणीनं डिजिटल एएमचा मार्ग निवडला आहे. डीआरएम या पद्धतीचे ३५ मध्यम लहरींचे प्रक्षेपक देशभर बसवले गेले. आवाज स्वच्छ, वीज कमी लागते आणि पल्ला तोच. तंत्र उत्तम आहे आणि मला त्याविषयी आदर आहे. पण ते ऐकायला वेगळा सेट लागतो, आणि तो साध्या ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट महाग आहे. भारतात हे तंत्र सर्वांत जास्त पोहोचलं ते नव्या मोटारींत, लाखोंच्या संख्येनं. शेतकऱ्याच्या माचणावर ते पोहोचलं नाही. ज्या दिवशी पाच-सातशे रुपयांत असा सेट मेहकरच्या किंवा नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात मिळेल, त्या दिवशी जुना प्रक्षेपक खुशाल बंद करावा. तोवर नागपूरचा ५८५ आणि जळगावचा ९६३ पूर्ण ताकदीनं चालू ठेवावेत, आणि खरिपाच्या चार महिन्यांत हवामान व बाजारभावाची वेळ कुठल्याही सहक्षेपणासाठी कापू नये. त्यासाठी घाटावर आणि घाटाखाली, शहरांच्या यादीतून नव्हे तर विहिरींवर आणि माचणांवर जाऊन, एकदा श्रोते मोजावेत.